बत्तीबाबूंची वासंती

आमच्या वासंतीमामीने जितक्या लोकांना उज्जैन दाखवलं असेल तितक्यांना एखाद्या धंदेवाईक गाइडनेही दाखवलं नसेल. माधव नगरातलं मामाचं घर स्टेशनपासून रिक्षाने पाच मिनिटांवर. त्यामुळे पुण्याचे, नागपूरचे, ग्वाल्हेरचे, ओळखीचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे, सगळे तिथेच उतरायचे. महाकालचं दर्शन करून आले की मामी त्यांना पोहे-जिलबी खायला घालायची आणि स्वतः बरोबर निघायची. तिचा क्रम ठरलेला असे. सांदीपनी आश्रम सकाळी, मंगलनाथ उन्हं चढायच्या आत, वेधशाळा दुपारी, कारण तिथे सावली बघायची असते. हरसिद्धीला मात्र संध्याकाळीच न्यायची. "दीपमाळा लागल्याशिवाय हरसिद्धी पाहिली असं म्हणूच नका," असं ती सांगायची.

माझी आई अहल्या ही मामाची थोरली बहीण. त्या नात्याने मी, मुक्ता, लहानपणापासून त्या घरात पडलेली असे. मामी मूळची उज्जैनची नाही हे मला दहाव्या वर्षी कळलं, आणि तेही चेष्टेतून. आई कुणा पाहुण्याला म्हणाली, "आमच्या सुधाकरनं कोळशाच्या खाणीतून हिरा आणलाय हो." सगळे हसले. मामीही हसली आणि ताटं घ्यायला आत गेली.

तिचं माहेर महुआटोला. छिंदवाड्याकडे, परासियाच्या अलीकडे डोंगरात कोळशाच्या खाणी आहेत, त्यांतली ही एक. तिचे वडील आप्पा कानडे सावनेरहून तिथे नोकरीला गेले आणि तिथलेच झाले. ते बत्तीघर सांभाळायचे. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येक माणसाने आपला पितळी बिल्ला आप्पांकडे द्यायचा आणि टोपीला लावायची बत्ती न्यायची. वर आला की बत्ती परत, बिल्ला परत. फळ्यावर कुणाचा बिल्ला लटकत राहिला, की तो माणूस अजून खाली आहे असं समजायचं. पाळी संपली तरी शेवटचा बिल्ला जाईपर्यंत आप्पा घरी येत नसत. कॉलनीत त्यांना कुणी कानडे म्हणत नसे. ते बत्तीबाबू, आणि ही बत्तीबाबूंची वासंती.

लग्न होऊन ती उज्जैनला आली १९८० साली. आमचे पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरात होते, त्याचा आजोबांना, भय्यासाहेबांना, फार अभिमान. घरात वागणं-बोलणं सगळं त्या तोऱ्याचं. नव्या सुनेने एकदा जेवताना खाणीवरच्या गोरखपुरी बिऱ्हाडांतली बिरहा नावाची लोकगीतं गाण्याची गंमत सांगायला घेतली, तेव्हा भय्यासाहेब फक्त म्हणाले, "बरं." त्यानंतर तिने तो विषय जेवताना काढला नाही.

मामीची आई गेल्यावर आप्पा एकटे राहिले. निवृत्त झाले, तरी महुआटोला सोडून येईनात. खाणीच्या जुन्या चाळीतली खोली त्यांना राहू दिली होती. मामी वर्षातून एकदा जाऊन यायची. तेव्हा भोपाळला गाडी बदलून पेंचव्हॅली पॅसेंजर पकडावी लागे. ती पहाटे परासियाला पोचवायची. पुढे टेंपोने अर्धा तास.

२००४ चा सिंहस्थ. वैशाख पौर्णिमेचं शेवटचं शाही स्नान चार दिवसांवर आलेलं आणि माधव नगरच्या घरात एकोणीस पाहुणे. गच्चीवर गाद्या, जिन्यात चपला, मामी पहाटेपासून स्वयंपाकघरात. तेवढ्यात महुआटोल्याहून विष्णूचा फोन आला. हा विष्णू बत्तीघरात आप्पांच्या हाताखाली होता. म्हणाला, "दीदी, बाबूजी की तबीयत ठीक नहीं है. आ जातीं तो अच्छा था."

मामी पदराला हात पुसत मामाकडे गेली. मी तिथेच भाजी निवडत बसले होते, म्हणून मला शब्द न् शब्द आठवतो. मामा म्हणाला, "चार दिवसांचा तर प्रश्न आहे. पौर्णिमा होऊ दे, मी स्वतः घेऊन जातो. एवढं घर टाकून आत्ता कशी निघशील?" मामी थोडा वेळ उभी राहिली. मग "बरं" म्हणाली आणि कणीक मळायला बसली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुसरा फोन आला. मामी-मामा पोचले तोवर विष्णूने अग्नी दिलेला होता. दोन दिवस राहून दोघं परत आली. आप्पा शांतपणे गेले, एवढंच विष्णूने सांगितलं; मामीने पुढे काही विचारलं नाही. आणि त्यानंतर वर्षानुवर्षं ती तिकडे गेली नाही. पुढे ती पेंचव्हॅली थेट इंदूरहून सुटायला लागली, रोज आमच्या उज्जैन स्टेशनवर थांबून जाऊ लागली. मामी पाहुण्यांना पोचवायला स्टेशनवर जायची. त्या गाडीची घोषणा झाली की बोलता बोलता थांबायची आणि पुन्हा बोलायला लागायची. मी ते पाहिलं होतं. मामाने पाहिलं होतं की नाही, माहीत नाही.

मंदिराभोवती महाकाल लोकचा नवा परिसर झाल्यावर पाहुण्यांना काही सुमारच राहिला नाही. २०२२ च्या डिसेंबरात पुण्याचं एक जोडपं आलं होतं. मीही त्या दिवशी नानाखेड्याच्या माझ्या घरून जेवायला गेले होते. त्यातल्या बाई सहज म्हणाल्या, "वासंतीताई, तुमचं माहेर कुठलं हो? तिथे काय काय आहे बघण्यासारखं?"

बेचाळीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. मामी खुर्चीवर पुढे सरकून बसली. "आमच्याकडे नं," असं म्हणून तिने सुरुवात केली. एका भोंग्यावर सगळं गाव कसं उठायचं आणि निजायचं. तेलुगू लाइनीत, म्हणजे चाळीत, संक्रांतीला अंगणभर रांगोळ्या, छत्तीसगढी लाइनीत दिवाळीला मातीचा पोपट टोपलीत ठेवून बायका टाळ्या वाजवत गोल फिरून नाचायच्या. बंगाली बाबूंची दुर्गापूजा, मराठी लाइनीचा गणपती, आणि गणपतीच्या नाटकाला पडदा ओढायला गोंडांची पोरं. विश्वकर्मापूजेला बत्तीघर सजायचं, त्या दिवशी बायकामुलांना आत जाऊन बघायची परवानगी असे. "आणि वर टेकडीवर उभं राहिलं की सातपुड्याच्या रांगा अशा एकामागे एक..." इथवर ती आली आणि त्या बाईंचा फोन वाजला. त्या बोलत बोलत गॅलरीत गेल्या. परत आल्या त्या कालभैरवाला गाडी किती वाजता सांगायची हे विचारतच.

मामीने सांगितलं, "साडेनऊला निघू."

त्याच दिवशी घरी जाऊन मी पेंचव्हॅलीची तीन तिकिटं काढली. मामीला फोन केला तर म्हणाली, "वेडी आहेस का? आता तिथे कोण आहे?"

"कुणी नसू दे. मला बघायचंय."

मग, "थंडी असते हं तिकडे. स्वेटर घे." तिसरं तिकीट मामाचं होतं. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. निघायच्या दिवशी तो माझ्या आधी तयार होऊन बसला होता.

परासियाला आम्ही एका लॉजमध्ये उतरलो. सकाळी ऑटो ठरवायला गेलो तर ऑटोवाला आपणहून म्हणाला, "पातालकोट, तामिया दिखा देता हूँ. टूरिस्ट सब वहीं जाते हैं."

"हम टूरिस्ट नहीं हैं," मामी म्हणाली. "महुआटोला चलो. पर पहले अंबाड़ा, हिंगलाज माता." खाणीतली माणसं त्या देवीला फार मानतात. तिथे तिने नारळ फोडला, आणि मग ऑटोत पुढे, ऑटोवाल्याच्या शेजारी, जाऊन बसली. वळणं यायच्या आधीच हात दाखवायला लागली. "आता उजवीकडे तळं लागेल." तळं लागलं. "आता पूल." पूल लागला, नवा होता. "आता चौकी, मग बाजार, मग..."

मग काही नव्हतं. खाण बंद होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. चौकीला दार नव्हतं. चाळींची पत्र्याची छपरं लोकांनी काढून नेलेली, भिंतींवर वेली चढलेल्या, खिडक्यांतून रुई उगवलेली. उतरत्या बोगद्याचं तोंड विटांनी बंद केलं होतं आणि समोर बकऱ्या चरत होत्या. मामी ऑटोतून उतरली आणि नुसती उभी राहिली. मामाने तिच्या हातातली पिशवी घेतली.

एका चाळीच्या टोकाला धूर दिसत होता. चार बिऱ्हाडं अजून तिथे राहत होती. दारात एक म्हातारा लाकडं फोडत होता. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली, डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि म्हणाला, "वासंती दीदी?"

विष्णू होता तो. दाढी पांढरी, श्वासाला धाप. त्याच्या बायकोने खाट टाकली, चहा ठेवला. इकडची तिकडची विचारपूस झाली. कोण गेलं, कोण नागपूरला, कोण कोरब्याला. मामी कपातल्या चहाकडे बघत होती. मग तिने विचारलं, "विष्णूभैया, तब मैंने पूछा नहीं था. आख़िर में कैसे थे आप्पा?"

विष्णूने आधी मामाकडे पाहिलं. म्हणाला, "शांति से गए, दीदी."

"वह तो तब भी बताया था. ठीक से बताओ."

मग त्याने सांगितलं. तो फोन त्याने आप्पांना न विचारता केला होता. कळल्यावर आप्पा रागावले. मेळ्यात तिचं घर भरलेलं असेल, तिला कशाला काळजीत टाकलंस, म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी धुतलेला सदरा मागितला आणि खुर्ची बाहेर टाकायला लावली. उभं राहवत नव्हतं, विष्णूने धरून बसवलं. पेंचव्हॅली पहाटे येते, परासियाहून टेंपो अर्ध्या तासात. ते रस्त्याकडे तोंड करून बसले.

"मैं कहता, बाबूजी, धूप चढ़ गई, अंदर चलिए. तो कहते, गाड़ी लेट होगी." विष्णू थांबला. "दूसरे दिन भी बैठे. तीसरे दिन बैठा नहीं गया, तो बोले, खाट घुमा दे, दरवाज़े की तरफ़. घुमा दी मैंने."

विष्णूची बायको दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला.

मामीने विचारलं, "नाराज़ थे?"

"नहीं दीदी. रास्ता देखते थे, बस."

तेव्हा मामा बोलला. माझा मामा बिजली बोर्डात साहेब होता, आयुष्यात कुणापुढे चूक कबूल केलेली मी पाहिली नव्हती. तो विष्णूकडे बघून म्हणाला, "मैंने रोका था इनको. ये उसी दिन निकल रही थीं." आणि मग मराठीत, खाली बघत, "मी थांबवलं होतं तुला. एकोणीस पाहुणे... त्यांतल्या निम्म्यांची नावं आज मला आठवत नाहीत."

मामी म्हणाली, "ठाऊक आहे मला. पण ‘बरं’ कुणी म्हटलं? मीच ना?"

ती उठली. आप्पांची खोली तिसरी, छप्पर गेलेली. दाराची चौकट तेवढी शाबूत होती. ती आत गेली नाही. उंबऱ्यावर रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. तिथून रस्ता फार लांबवर दिसतो, पार पुलापर्यंत. मी घड्याळ पाहिलं नाही, पण ऑटोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला आणि मामाने जाऊन त्याला गप्प बसवलं.

मला वाटलं आता ती मोडून पडेल, लॉजवर चला म्हणेल. ती वळली, तोंडावरून पदर फिरवला आणि म्हणाली, "चला. तुम्हांला क्लब दाखवते."

आणि तिने दाखवलं. हरसिद्धी दाखवायची तशीच, त्याच आवाजात, जरा पुढे चालत, मध्येच मागे वळून. हे बत्तीघर, इथे खिडकी होती, इथून बत्ती द्यायचे. इथे रविवारचा बाजार, इथे एक पंजाबी बाई लोणचं विकायची. हा क्लब, इथे चादर बांधून सिनेमा, आणि चादरीच्या मागच्या बाजूने बघणाऱ्यांना सगळी माणसं डावखुरी दिसायची. ही तेलुगू लाइन. ही आमची. आम्ही भिंतींचे तुकडे बघत होतो आणि ती सांगत होती. शेजारून विष्णू मधेच काही दुरुस्त करायचा, "नहीं दीदी, पीपल इधर था," आणि दोघं त्यावर वाद घालायची.

मामा मागे मागे चालत होता. क्लबच्या पडक्या चौथऱ्यापाशी तो थांबला आणि म्हणाला, "मग ती बिरहा म्हणणारी मंडळी कुठे बसायची?"

मामीने त्याच्याकडे पाहिलं. भय्यासाहेबांच्या ताटासमोर अर्धवट राहिलेली ती गोष्ट होती, आणि त्याला ती आठवत होती. "इथे खाली," ती म्हणाली. "चौथऱ्यावर नाहीच बसायची. खाली शेकोटी करून, गोल." आणि तिने ती गंमत पहिल्यापासून सांगितली. एक गाणारा दुसऱ्याला गाण्यातून प्रश्न टाकायचा आणि उत्तर आलं नाही तर अख्खी लाइन त्याला महिनाभर चिडवायची. मामा हसला. उन्हं कलेपर्यंत आम्ही तिथे होतो. जेवण विष्णूकडेच झालं, भात, वरण आणि वालाच्या शेंगांची भाजी.

त्यानंतर मामी दर जानेवारीत जाऊ लागली. विष्णूकडे आठ-दहा दिवस राहायची. मामाच्या तब्येतीला ती थंडी झेपेना, तरी तो तिला गाडीत बसवायला स्वतः स्टेशनवर जायचा. २०२८ च्या सिंहस्थासाठी नातेवाइकांचे फोन आत्तापासूनच यायला लागलेत. मामीने सगळ्यांना सांगून टाकलंय, घर उघडं असेल, किल्ली मुक्ताकडे मिळेल, पण वैशाखात मी इथे नसेन. आईला ते अजून पटलेलं नाही. "सिंहस्थाला घरची लक्ष्मी घराबाहेर?" असं ती म्हणते. मामी हसून विषय बदलते, पण बेत बदलत नाही.

मागच्या वर्षी मात्र विष्णूची धाप वाढली आणि त्याचा मुलगा त्याला नागपूरला घेऊन गेला. पडायला आलेल्या चाळी धोक्याच्या म्हणून पावसाळ्याच्या आधी सपाट केल्या. मामीला हे माहीत होतं. तरी ती या जानेवारीत गेली. शेजारच्या मीराकाकूंना तिने बरोबर नेलं, कारण त्यांनी कधी खाण पाहिली नव्हती. आता तिथे भिंतीही नाहीत. मोकळी जमीन, मातीचे ढीग, लांब सातपुडा. मीराकाकू मला नंतर सांगत होत्या, "अग, ती पावलं मोजून मोजून दाखवत होती. इथे आमची खोली, इथे नळ. मला तर काहीच दिसत नव्हतं. पण ती बोलत होती तोवर मी पाय जपून टाकत होते, न जाणो कुणाच्या घरात पडेल म्हणून."

परत आल्यावर मी मामीला भेटायला गेले. ती गहू निवडत होती. मी विचारलं, "कशी झाली सहल?"

"झाली," ती म्हणाली. "मीराला नीट दाखवता आलं नाही गं. काही उरलंच नाही ना तिथे." थोडा वेळ तिने गव्हातून बोटं फिरवली. "आणि उतरायचं कुठे? लॉजमध्ये. माहेरी जाऊन लॉजमध्ये उतरायचं, खोलीचं भाडं द्यायचं, वहीत नाव लिहायचं. त्या माणसाने विचारलं, घूमने आई हैं? मी म्हटलं, हो."

मामा आतून म्हणाला, "पुढच्या वर्षी मी येतो. डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणू दे."

"आधी खोकला तर थांबू दे," मामी म्हणाली, आणि सूप माझ्याकडे सरकवलं, "घे, जरा हात लाव."